सूत्र पाठ आहे, मग सरळव्याजाचं गणित चुकतं कुठे?

गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जानेवारीतली जत्रा, उठली की सोलापुरात दोन प्रकारची माणसं दिवस मोजायला लागतात. एक, शिष्यवृत्तीला बसलेल्या मुलांचे आईवडील, कारण परीक्षा साधारण फेब्रुवारीत येते. दुसरी, ज्यांचा ऊस कारखान्याला जाऊन दोन महिने झाले पण बिल अजून खात्यावर पडलेलं नाही अशी. पहिल्यांच्या घरात सरळव्याजाचा धडा पुस्तकात असतो, दुसऱ्यांच्या घरात तो थकलेल्या बिलात असतो. यात पहाटे मैदानावर धावून दुपारी अभ्यासिकेत बसणारी पोलीस भरतीची मुलंही धरा. तिघांचं गणित एकच आहे, आणि तिघं बहुधा एकाच जागी अडतात.

ती जागा सूत्र नव्हे. सूत्र सगळ्यांना येतं. मुद्दल गुणिले दर गुणिले काळ, भागिले शंभर. रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी पोरं म्हणतात, 'येतंय की सर!' तरीही पेपरात उत्तर चुकतं. कारण सूत्रात काय भरायचं हे प्रश्न वाचून ठरवावं लागतं आणि वाचायला वेळ कमी असतो. आठवीच्या शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपरात भाषा आणि गणित मिळून ७५ प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्नांना तेवढीच ९० मिनिटं. तिथे ५४ सेकंदच मिळतात.

म्हणून मी मुलांना सूत्र थोडं बाजूला ठेवायला सांगतो. त्याच्या आधी एक प्रश्न विचारायचा: या सगळ्या मुदतीत शंभर रुपयांवर किती रुपये व्याज झालं? हा आकडा हातात आला की बहुतेक गणितं शेकडेवारीची होऊन जातात. या लेखात त्याला 'एकूण शेकडा' म्हणू.

## चार शब्द, एकदाच

मुद्दल म्हणजे दिलेली किंवा घेतलेली मूळ रक्कम. व्याज म्हणजे ती रक्कम वापरल्याबद्दल द्यायचे पैसे. रास म्हणजे दोन्हींची बेरीज. आणि द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा: वर्षाला, शंभर रुपयांमागे. द.सा.द.शे. ९ म्हणजे शंभर रुपये एक वर्ष वापरले तर नऊ रुपये.

व्याज हे पैशाचं भाडं आहे असं समजा. साखर पेठेत तुम्ही महिना ३,००० रुपयांनी खोली घेतली. एका महिन्याचं भाडं थकलं म्हणून पुढच्या महिन्यात खोली मोठी होत नाही. भाडं तेवढ्याच खोलीचं लागतं. पाच महिने राहिलात तर पाच पट, दहा महिने राहिलात तर दहा पट. सरळव्याज असं चालतं. थकलेलं भाडं खोलीच्या भिंतीला चिकटून खोली वाढली आणि पुढचं भाडं त्या वाढलेल्या खोलीवर लागलं, तर ते चक्रवाढ. या लेखात चक्रवाढीचं काम फारसं नाही, पण फरक लक्षात असू द्या. दामदुप्पटीच्या गणितात तो आडवा येतो.

## आधी शंभराचं, मग मुद्दलाचं

टॉवेलच्या एका कारखानदाराने सूत घ्यायला ४०,००० रुपये द.सा.द.शे. ९ दराने अडीच वर्षांसाठी घेतले. व्याज किती?

सूत्राने गेलात तर ४०,००० गुणिले ९ गुणिले २.५ भागिले १०० हा गुणाकार मांडावा लागतो आणि शून्यं सांभाळत बसावं लागतं. एकूण शेकडा काढा: वर्षाला ९, अडीच वर्षांचे साडेबावीस. मुद्दलात चारशे शेकडे आहेत. चारशे गुणिले साडेबावीस म्हणजे ९,०००. बहुतेक मुलं हे तोंडी करतात.

हे सूत्रच झालं, असं कुणी म्हणेल. बरोबर, गणित तेच आहे, क्रम तेवढा बदलला. पण क्रम बदलल्याने फायदा होतो तो उलट्या प्रश्नात, म्हणजे दर किंवा मुदत विचारली असेल तेव्हा. '२५,००० रुपयांचे ४ वर्षांत ७,००० रुपये व्याज झाले, तर दर किती?' २५,००० मध्ये अडीचशे शेकडे, सात हजाराला अडीचशेने भागलं की २८. शंभराला चार वर्षांत २८, म्हणजे वर्षाला ७. सूत्राची मांडणी फिरवून दर डावीकडे आणायची गरजच पडली नाही.

आणखी एक प्रकार परीक्षेत आवडीने येतो. 'व्याज मुद्दलाच्या ९/२५ पट आहे. वर्षांची संख्या आणि दराची संख्या सारखीच आहे. दर किती?' मुद्दल दिलेलंच नाही म्हणून मुलं हा प्रश्न सोडून देतात. ९/२५ म्हणजे शंभरात ३६. दर गुणिले वर्षं ३६, दोन्ही सारखे, म्हणून सहा आणि सहा. मुद्दल लागलंच नाही.

## काळ: सगळ्यात जास्त सांडलवंड इथेच

दर वर्षाचा आणि मुदत महिन्यांत किंवा दिवसांत, अशी जोडी आली की घाई नडते.

महिन्यांचं सोपं आहे. द.सा.द.शे. १२ म्हणजे महिन्याला शेकडा एक. मग १२ दराने ८ महिन्यांचे एकूण शेकडा ८. दर ९ असेल तर महिन्याला पाऊण. दर १८ असेल तर दीड. बाराने भागून महिन्याचा दर काढा आणि महिन्यांनी गुणा, किंवा आठ महिन्यांना दोन तृतीयांश वर्ष म्हणा. ज्याला जे सोपं वाटेल ते.

दिवसांत मात्र प्रश्न काढणाऱ्याची एक सवय ओळखायला हवी. वर्षाचे ३६५ दिवस, आणि ३६५ ला पाचाने भागलं की ७३. म्हणून परीक्षेत मुदत बहुधा ७३, १४६, २१९ किंवा २९२ दिवसांची असते: एक, दोन, तीन, चार पंचमांश वर्ष. हे चार आकडे पाठ असले की दिवसांच्या गणितातली भीती संपते.

कधी दिवस थेट न देता दोन तारखा दिलेल्या असतात. तेव्हा पहिला दिवस सोडायचा आणि शेवटचा धरायचा. १० जानेवारी २०२३ ते २४ मार्च २०२३ मोजा: जानेवारीचे उरलेले २१, फेब्रुवारीचे २८, मार्चचे २४. बेरीज ७३.

आता उसाच्या बिलाकडे येऊ. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत कारखान्याने पैसे द्यायचे असतात. त्यापुढे उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज लागतं. समजा एका शेतकऱ्याचा ४० टन ऊस २७ डिसेंबर २०२२ ला गेला आणि हिशेबासाठी टनाला ३,००० रुपये धरले. बिल झालं १,२०,०००. ते खात्यावर पडलं २४ मार्च २०२३ ला. व्याज किती?

इथे बरेच जण २७ डिसेंबरपासून मोजतात आणि ८७ दिवस काढतात. पहिले १४ दिवस बिनव्याजी आहेत. मुदत संपली १० जानेवारीला, उशीर झाला ७३ दिवसांचा. पंधराचा पाचवा भाग ३. एकूण शेकडा ३, बाराशे शेकड्यांचे ३,६०० रुपये. असा प्रश्न पेपरात आला तर ८७ दिवसांचं चुकीचं उत्तर पर्यायांत नक्की सापडेल. प्रत्यक्षात मात्र हा हिशेब करून व्याज मागणारे शेतकरी मला थोडेच भेटलेत.

दुसरी सांडलवंड दराची. 'दरमहा दर शेकडा ३ रुपये दराने २०,००० रुपये १० महिन्यांसाठी घेतले.' इथे दर महिन्याचा आहे. एकूण शेकडा ३०, व्याज ६,०००. सवयीने वर्षाचा दर समजून बसलात तर शेकडा अडीच येतो आणि उत्तर ५००. प्रश्न काढणारा ५०० हा पर्याय ठेवतोच, कारण तिथे कोण घसरणार हे त्याला माहीत असतं. आकड्याच्या आधी 'दरमहा' आहे की 'दर साल', तिथे पेन्सिलीने एक गोल करा. याला दोन सेकंद लागतात.

## रास दिली असेल तर टक्के वजा करू नका

'द.सा.द.शे. ७ दराने ५ वर्षांत रास ६७,५०० झाली. मुद्दल किती?'

एकूण शेकडा ३५. इथवर सगळे येतात. मग पुष्कळ मुलं ६७,५०० चे ३५ टक्के काढून वजा करतात आणि ४३,८७५ लिहितात. चूक अशी की ३५ टक्के मुद्दलाचे होते, राशीचे नव्हेत. शंभराची रास १३५ झाली. मग ६७,५०० भागिले १३५ म्हणजे ५००, इतके शेकडे मुद्दलात होते. मुद्दल ५०,०००.

हीच चूक बाजारात सूट आणि करासह किमतीच्या हिशेबातही होते. टक्के कशाचे, हा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःला विचारावा लागतो. सूत्र तो विचारत नाही.

## दामदुप्पट

रक्कम दुप्पट व्हायला शंभराचं व्याज शंभर व्हावं लागतं. म्हणून शंभराला दराने भागा: साडेबारा दराने ८ वर्षं, १० दराने १० वर्षं. तिप्पट व्हायला व्याज २०० लागतं, चौपट व्हायला ३००. साडेबारा दराने दुप्पट ८ वर्षांत, तिप्पट १६ वर्षांत, चौपट २४ वर्षांत.

इथे एक पक्का सापळा आहे. 'एक रक्कम ८ वर्षांत दुप्पट होते, तर चौपट किती वर्षांत?' झटकन सुचतं १६: आठ वर्षांत दुप्पट, आणखी आठात त्याची दुप्पट. पण दुसऱ्या आठ वर्षांतही भाडं मूळ खोलीचंच लागतं, वाढलेल्या खोलीचं नाही. १६ हे चक्रवाढीचं उत्तर. सरळव्याजाचं २४.

फरक केवढा असतो ते टपाल खात्याच्या किसान विकास पत्रावरून दिसतं. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ७.५ टक्के दराला पैसे दुप्पट व्हायची मुदत ११५ महिने आहे. तिथे चक्रवाढ आहे. त्याच दराने सरळव्याज असतं तर शंभर भागिले साडेसात, सव्वातेरा वर्षांहून थोडं जास्त, म्हणजे १६० महिने लागले असते.

जाता जाता एक गोष्ट. जुन्या हिंदू कायद्यात दामदुपट नावाचा नियम होता आणि मुंबई प्रांतातली न्यायालयं तो मानत होती: एका वेळी थकलेलं व्याज मुद्दलाहून जास्त वसूल करता येत नाही. कर्जदाराची बाजू घेणारा एवढा स्पष्ट नियम मला तरी जुन्या कायद्यांत दुसरा आठवत नाही.

## दोन वाक्यांची गणितं

या प्रकाराला मुलं 'मोठं गणित' म्हणतात आणि शेवटी ठेवतात. खरं तर हीच सगळ्यात लवकर सुटणारी आहेत. त्यांत फरक पकडायचा असतो, बाकी काही नाही.

'एका रकमेची ३ वर्षांची रास १८,६०० आणि ५ वर्षांची रास २१,००० आहे.' दोन्ही राशींत मुद्दल तेच. फरक २,४०० हा मधल्या दोन वर्षांच्या व्याजाचा. म्हणजे वर्षाला १,२००, तीन वर्षांचे ३,६००, मुद्दल १५,०००. पंधरा हजारावर वर्षाला बाराशे, दर ८.

'दर २ ने जास्त असता तर ३ वर्षांत ७२० रुपये अधिक मिळाले असते.' मूळ दर किती, हे सांगितलेलंच नाही, आणि लागतही नाही. वर्षाला दोन जास्त, तीन वर्षांत शेकडा ६ जास्त. सहा टक्के म्हणजे ७२०, तर शंभर टक्के १२,०००.

आणि हा तिसरा: '५०,००० रुपयांचे दोन भाग केले. एक द.सा.द.शे. ८ ने, दुसरा १० ने गुंतवला. वर्षाचं एकूण व्याज ४,६०० मिळालं.' क्ष धरून समीकरण मांडता येतं, शाळेत तसंच शिकवतात. पण सगळे पैसे ८ नेच ठेवले असं समजा: व्याज ४,०००. मिळाले ६०० जास्त. हे ६०० आले कुठून? दुसऱ्या भागाला शंभरामागे दोन जास्त मिळतात तिथून. दोन टक्के म्हणजे ६००, तर दुसरा भाग ३०,००० आणि पहिला २०,०००. पडताळा घ्या: १,६०० अधिक ३,०००, बरोबर ४,६००.

समीकरणाची पद्धत वाईट नाही. पण ५४ सेकंदांत मी ती वापरणार नाही.

## घरी तेलुगू, पेपरात मराठी

सोलापूरबाहेरच्या शिक्षकांना हा मुद्दा चटकन लक्षात येत नाही. आमच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून विडी घरकुलापर्यंत, कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. मुलं गणितात हुशार असतात, आईच्या विड्यांचा हिशेब आठव्या वर्षापासून करतात, पण प्रश्नातली पुस्तकी मराठी त्यांना अडवते. आणि खरं सांगायचं तर घरात मराठी बोलणाऱ्यांनाही ती अडवतेच.

काही वाक्यं मी मुद्दाम शेजारी शेजारी लिहून वाचायला देतो. 'रास मुद्दलाच्या ८/५ पट झाली' यात व्याज ३/५, म्हणजे शेकडा ६०. 'व्याज मुद्दलाच्या ८/५ पट झाले' यात व्याजच शेकडा १६०. 'मुद्दल दुप्पट झाले' म्हणजे व्याज १००. 'मुद्दलाच्या दुप्पट व्याज झाले' म्हणजे व्याज २००. 'अनुक्रमे' आला की पहिल्याला पहिला आणि दुसऱ्याला दुसरा आकडा जोडायचा. 'प्रत्येकी' आला की सगळ्यांना तोच.

माझा सल्ला असा की परीक्षेआधी आठवडाभर एक खेळ करा. गणित सोडवायचंच नाही, फक्त प्रश्न मोठ्याने वाचून शंभराची गोष्ट सांगायची: 'शंभराचे पाच वर्षांत एकशे साठ झाले.' एवढं वाक्य बरोबर आलं की पुढचा प्रश्न. सरावसंचातल्या वीस गणितांना यात फार वेळ जात नाही.

## पर्याय बघून उत्तर काढलं तर चालतं का?

पालक हे विचारतात, थोडं कानकोंडं होऊन. चालतं. पेपरात पायऱ्यांना गुण नसतात, रंगवलेल्या गोलाला असतात. शिवाय पर्याय ताडून बघायलाही गणित यावंच लागतं.

'द.सा.द.शे. ८ दराने ३ वर्षांत रास १५,५०० झाली. मुद्दल किती? ११,७८०; १२,०००; १२,५००; १३,०००.' एकूण शेकडा २४. मधला एक पर्याय उचला. १२,००० चे २४ टक्के २,८८०, रास १४,८८०, कमी पडली. म्हणजे उत्तर याच्या वर. १२,५०० चे २४ टक्के ३,०००, रास १५,५००. झालं. आणि ११,७८० कुठून आला ते ओळखलंत? राशीतूनच २४ टक्के वजा करणाऱ्यांसाठी तो ठेवला आहे.

आठवीच्या शिष्यवृत्तीत काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवावे लागतात. तिथे पर्याय तपासण्याची सवय नसेल तर पहिलं बरोबर उत्तर सापडताच मूल पुढे जातं. उदाहरणार्थ, 'व्याज मुद्दलाच्या ३६ टक्के आहे, तर दर आणि मुदत कोणती असू शकेल?' पर्याय: ९ दर, ४ वर्षं; ६ दर, ५ वर्षं; १२ दर, ३ वर्षं; ८ दर, ४ वर्षं. पहिला आणि तिसरा.

## 'पण खऱ्या आयुष्यात सरळव्याज असतंच कुठे?'

हा आक्षेप आठवीतली चुणचुणीत मुलं घेतात, आणि तो निम्मा बरोबर आहे. बँकेच्या मुदत ठेवीला बहुधा तिमाही चक्रवाढ असते. पण सरळव्याज संपलेलं नाही. उसाचं आपण वर पाहिलं. शिक्षणकर्जावर शिकत असताना आणि त्यानंतरच्या सवलतीच्या मुदतीत बँका साधारणपणे सरळव्याज लावतात. प्राप्तिकराचं विवरणपत्र उशिरा भरलं आणि कर बाकी असेल तर महिन्याला एक टक्का सरळव्याज लागतं, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरला जातो.

आणि मग गल्लीतला व्यवहार. 'शेकडा पाचने पैसे घेतले' असं कुणी म्हणतं तेव्हा ते महिन्याचं असतं, हे सोलापुरात वेगळं सांगावं लागत नाही. पण त्याचं वर्षाचं रूप काढायची सवय नसते. शेकडा पाच महिना म्हणजे वर्षाला ६०. शंभर भागिले पाच, वीस महिन्यांत नुसतं व्याज मुद्दलाएवढं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकारांना ठरवून दिलेले दर याच्या जवळपासही नाहीत: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२, इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्के. सगळ्यात चढा दर १८, म्हणजे महिन्याला शेकडा दीड.

कित्येकदा पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून घेतात. १०,००० चं कर्ज, हातात ९,५००. भाडं ५०० लागतंय ते मुळात साडेनऊ हजारांवर, म्हणजे खरा दर महिन्याला सव्वापाचाच्या वर.

## फ्लॅट दर: सरळव्याजाचा गैरवापर

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे, आणि कागदावर सगळं कायदेशीर असतं. दुचाकीसाठी ६०,००० रुपये, '१० टक्के फ्लॅट', तीन वर्षं. आपल्या पद्धतीने एकूण शेकडा ३०, व्याज १८,०००, परतफेड ७८,०००, छत्तीस हप्ते, महिन्याला साधारण २,१६७ रुपये. हिशेब अचूक आहे. मग हरकत कशाला?

शाळेच्या गणितात मुद्दल शेवटच्या दिवसापर्यंत पूर्णच्या पूर्ण तुमच्याकडे असतं. हप्त्यात तसं नसतं. प्रत्येक हप्त्यात थोडं मुद्दल परत जातं. दीड वर्षानंतर जवळपास निम्मं परत गेलेलं असतं. तरी व्याज लागतं साठ हजारांवरच. म्हणजे दोन खोल्यांपैकी एक रिकामी करून किल्ली दिली, तरी भाडं दोन्हींचं भरत राहायचं. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर हाच १० टक्के दर जवळपास १८ टक्क्यांवर जातो.

म्हणून बँकेचा घटत्या शिलकीवरचा १४ टक्के दर आणि दुकानातला १० टक्के फ्लॅट यांत १० स्वस्त वाटला तरी तो महाग आहे. मुलाने परीक्षेसाठी शिकलेलं गणित इथे घरच्यांना वापरता येतं: हप्ता गुणिले महिने, त्यातून घेतलेली रक्कम वजा, उरलं ते एकूण व्याज. हे तोंडी होतं. खरा वार्षिक दर मात्र तोंडी निघत नाही, आणि तो काढत बसायची गरजही नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने कर्जदाराला मुख्य तथ्य विवरण देणं बंधनकारक केलं आहे. त्यात सगळे खर्च धरून येणारा वार्षिक दर टक्क्यांत लिहावा लागतो, आणि तो कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावा लागतो. सही करायच्या आधी तो मराठीत किंवा तेलुगूत मागून घ्या.